जिरावनवाला प्याला

सार्थक हे लिहिणारच नव्हता. मोबाइलवर दोन ओळी टाइप करायचा, मिटवायचा, परत टाइप करायचा. चर्चच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी 'आज प्रभूने मला काय शिकवलं' असं टाकतं, गुलाबाच्या फोटोसकट. त्याच्याकडे गुलाब नव्हता. एक मलमलचा कपडा होता, आणि एक दोस्त, जो आता फोन उचलत नव्हता.

झालं असं. महिन्याच्या पहिल्या संडेला चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि छोट्याशा काचेच्या ग्लासात द्राक्षरस. हा रस बाजारातून आणत नाहीत. काळ्या मनुका उकळायच्या, गाळायच्या, बाटलीत भरायच्या. घराघरांत पाळी फिरते. या वेळी पाळी सार्थकच्या आईची, इंदिराबाईंची. शनिवारी दुपारी आईने मनुका उकळून ठेवल्या आणि शेजारच्या मनोरमाकाकूंना डोळे दाखवायला घेऊन निघाली.

"थंड झाला की गाळ," चप्पल घालता घालता ती म्हणाली. "कपाटातला धुतलेला कपडा घे. आणि तो फोन ठेव जरा."

"हो ना आई. रसच गाळायचाय, ऑपरेशन थोडी करायचंय."

फोन काही ठेवला नाही. मॅच चालू होती, शेवटच्या तीन ओव्हर. खिडकीच्या खिळ्याला मलमलचा एक कपडा लटकत होता, तोच ओढला, पातेल्यावर धरला, रस ओतला. रस काळाकुट्ट, त्यात काय दिसणार? आदल्या दिवशी आईने घरी जिरावन कुटलं होतं, पोह्यांवर भुरभुरायचा तो तिखट मसाला, आणि त्याच कपड्यातून चाळलं होतं. कपडा नुसता झटकून लटकवला होता, धुवायचा होता.

संडेला सकाळी सार्थकने बाटली चर्चच्या गेटवर प्रशिकच्या हातात दिली.

प्रशिक त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. राहतो राऊला, आजोबा महूला फौजेत होते, घरी बुद्धवंदना होते. पण ढोलक अशी वाजवतो की दोन वर्षांपासून दर संडेला चर्चच्या भजनांना तोच साथ करतो. बाप्तिस्मा नाही, म्हणून प्रभुभोजन घेत नाही. त्या वेळी ढोलकवर हात ठेवून गप बसून राहतो.

"भिया, आतल्या खोलीत ट्रे ठेवलेत, ग्लास भरून दे ना यार. मी काकूंना स्कूटरवर घेऊन येतो."

"अपन भरले तर चालेल?"

"अरे, चालतंय."

चाललं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ट्रे फिरले, सगळ्यांनी एकदम ग्लास ओठांना लावला. पहिला खोकला मनोरमाकाकूंचा. मग मागच्या बाकांवरून दोन, मग चारी बाजूंनी. पुढच्या ओळीतल्या एका आईने पोराला नुसतं जिभेवर टेकवू दिलं असेल, तो मोठ्याने ओरडला, "मम्मी, ये तो पोहे का टेस्ट है!"

सार्थकच्या जिभेवर बडीशेप, हिंग, काळं मीठ आणि पाठोपाठ तिखट. त्याला त्याच क्षणी कळलं. खिडकी, खिळा, कपडा, सगळं डोळ्यांसमोर आलं.

उपासना सुटल्यावर बाहेर चहा-बिस्किटं होती. तिथे जयसिंगरावकाकांनी सगळ्यांना थांबवलं. चर्चच्या पंच कमिटीतले सगळ्यात जुने, आवाज परेड ग्राउंडवाला.

"ग्लास कोणी भरले?"

"मी, काका," प्रशिक म्हणाला.

"हं." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "मस्ती करायला ही जागा सापडली? पवित्र वस्तूला बाहेरच्यांचा हात लागू द्यायलाच नको होता. मी आधीच बोललो होतो."

"काका, मी काही टाकलं नाही त्याच्यात."

"मग काय देवदूत टाकून गेले?"

दोन-तीन जण हसले. प्रशिकने सार्थककडे बघितलं. फक्त बघितलं. सार्थकच्या तोंडात बिस्किट होतं. ते त्याने फार वेळ चावलं.

"सॉरी काका," प्रशिक म्हणाला. ढोलकवर खोळ चढवली, बाइकला बांधली आणि गेला.

त्या दिवसापासून सार्थकला एका जागी बसवेना. ऑफिसात पाय सारखा हलत राहायचा, बाजूवाली निधी म्हणायची, "टेबल हिल रहा है, भिया, बंद कर." सोमवारी कामावरून सुटून तो स्कूटरने राऊपर्यंत गेला, प्रशिकच्या फ्लेक्स-बॅनरच्या दुकानाची पाटी दिसली आणि यू-टर्न मारला. मंगळवारी परत तेच. मेसेज पाठवले, 'सॉरी यार', 'कॉल कर ना'. दोन निळ्या टिक्स. उत्तर नाही.

घरी जेवणाआधीची प्रार्थना लहानपणापासून त्याचीच. चार वाक्यं, पाठ, डाळ थंड व्हायच्या आत आमेन. मंगळवारी डोळे मिटले आणि दुसऱ्या वाक्यावर गाडी अडली.

"हे प्रभू, या अन्नाबद्दल आणि..."

आणि काय? वेदीपुढे अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी जुळवून ये, हे त्याला संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. तेव्हा त्याला वाटायचं, भाऊ म्हणजे भाऊ. आपल्याला तर भाऊ नाही, मतलब सुटलो.

आईने डोळे उघडले. उठली, आणि एक घडी केलेला कपडा आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तीनदा धुतलेला. मधोमध जांभळा डाग तसाच.

"तुला कधीपासून माहितीये?"

"ग्लास तोंडाला लावला तेव्हापासून. माझ्या हातचं जिरावन मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलली का नाहीस तिथे?"

"चुकलंच माझं," आई म्हणाली. "कपडा मीच तसा टांगला होता. लाज वाटली. मग वाटलं, तू बोलशील. आता बोलशील, मग बोलशील. तोवर तो पोरगा गेलासुद्धा. काल गेले होते मी काकांकडे सांगायला, दारातून परत आले."

म्हणजे यू-टर्न घरात दोघांनी मारले होते. डाळ थंड झाली. आमेन कोणी म्हटलंच नाही.

बुधवारी घरसभा होती, घरी जमून प्रार्थना करायची ती, कृष्णपुऱ्याजवळ जयसिंगरावकाकांच्याच घरी. अकरा माणसं. साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव उठून सांगायची वेळ आली तसा सार्थक उभा राहिला. बाजूच्या खुर्चीची पाठ धरली.

"संडेचा रस मी बिघडवला. जिरावनच्या कपड्याने गाळला. प्रशिकने फक्त भरला. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप बसलो."

"कपडा माझा होता," बसल्या जागेवरून आई म्हणाली.

मनोरमाकाकू पदरात तोंड घालून खुदकन हसल्या. "माझी तर सर्दी सुटली बाई."

काका हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "बरं झालं सांगितलंस. पण तरी मी म्हणतो, वेदीचं काम आपल्यांनीच करावं."

"काका, बिघडवलं तर आपल्यांनीच ना."

काकांनी चष्मा घातला, काढला, परत पुसायला घेतला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "प्रार्थना करू या."

गुरुवारी यू-टर्न मारला नाही. प्रशिक दुकानात फ्लेक्स कापत होता. वर न बघता म्हणाला, "बोल."

सार्थकने सगळं सांगितलं. खिळा, कपडा, मॅच.

"वास आला होता ना मला भरताना," प्रशिक म्हणाला. "मला वाटलं, तुमच्यात असंच असतं. अपन कधी प्यायलोच नाही, तर अपनला काय माहीत?"

सार्थकला हसू फुटलं. प्रशिक हसला नाही, तसं ते अर्ध्यातच विझलं.

"रसाचं काही नाही रे. तू बिस्किट खात होतास."

"हो."

"मी बघत होतो आणि तू बिस्किट खात होतास."

"काल सांगितलं मी. काकांसमोर, सगळ्यांसमोर."

"सगळे म्हणजे किती?"

"अकरा."

"आणि संडेला माझ्यावर हसताना किती होते?"

कटर फ्लेक्सवरून सरसर फिरत राहिला.

"संडेला माइकवर सांगतो."

"तू? माइकवर तुझी जीभ अडकते. दोन वर्षं बघतोय."

"मग लिहून आणतो."

"गोल-गोल नको लिहू. प्रभूने मला शिकवलं, अन् वो सब. बिस्किट लिही."

"लिहितो."

"माझं नाव पण लिही. 'एक मित्र' वगैरे नको."

"नावासकट. तू येशील ना?"

आता पहिल्यांदा प्रशिकने वर बघितलं. "मी येणार म्हणून वाचणार आहेस काय?"

सार्थकच्या जिभेवर 'हो' आलं होतं. ते त्याने परत गिळलं.

"नाही," तो म्हणाला. "तू आलास तरी, ढोलकची जागा रिकामी राहिली तरी. संडेला मी उठून वाचणार. वचन देतो."