सवयीचा भूतकाळ

स्पॅनिशच्या वर्गाला धाकटीला ओढून आणलं ते ताईनेच. लग्न नको म्हणते, एकटी कुढत बसते, तेवढाच जिवाला विरंगुळा!

त्या दिवशी बाईंनी भूतकाळ घेतला. स्पॅनिशमध्ये नेहमी घडायचं त्याला एक भूतकाळ, एकदाच घडून गेलं त्याला दुसरा. प्रत्येकीने दोन्ही वापरून सांगायचं होतं.

धाकटी उठली. तिला शब्द येत होते मूठभर, आणि खोटं रचायला शब्द लागतात. क्रियापदांशी झटापट करताना तिने खरं तेच सांगून टाकलं.

"तो दाढी करताना शीळ घालायचा. एकदा त्याला कानाखाली कापलं आणि मी पट्टी लावली."

"शाब्बास! दोन्ही बरोबर," बाई म्हणाल्या.

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. गेल्या महिन्यात तिचा नवरा दौऱ्यावरून कानाखाली पट्टी लावूनच आला होता. लॉजवरच्या न्हाव्याला त्याने चांगल्या शिव्या घातल्या होत्या. आणि शीळ? घरात तर मेल्याने ती केव्हाच बंद केली होती.

धाकटी कौतुकासाठी ताईकडे वळून हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता तुम्ही," बाईंनी ताईला उठवलं.

ताईने एकेक शब्द जुळवला. "माझी बहीण रोज माझ्या घरी जेवायला यायची."

"छान! आणि एकदा काय झालं?"

"ते आत्ता तिनेच सांगितलं की," म्हणत ताईने पिशवी उचलली आणि ती चालू पडली.