मागचा बाण

"मागे जायचा बाण काढून टाकू नकोस, यास्ना. माणसाला परत जावंसं वाटतं," तिच्याबरोबर काम करणारा वाल्दो म्हणाला होता. यास्नाने ते हसण्यावारी नेलं.

चिलीतल्या चिलोए बेटावरच्या बाजारात खाण्याच्या टपऱ्या चालवणाऱ्या बायकांसाठी यास्ना बनवत असलेला स्वच्छतेचा ऑनलाइन अभ्यासक्रम होता तो. परवान्यासाठी सक्तीचा. बायका काही न ऐकता भराभर पानं उलटतील, या धास्तीने यास्नाने सगळं कुलूपबंद केलं. आवाज संपेपर्यंत 'पुढे'चं बटण उजळायचं नाही, मागे जायची सोय नाही, आणि परीक्षा पास झाली की अभ्यासक्रमच बंद.

आवाज तिचाच होता. ठरलेल्या निवेदिकेचा घसा बसला, तेव्हा सांतियागोतल्या आपल्या खोलीत पांघरुणात डोकं खुपसून तिने सगळं बोलून टाकलं. हात धुण्याच्या पानाशी पाळण्यातली तिची मुलगी आम्पारो जागी झाली आणि खुदकन हसली. ते हसू काढून टाकायला यास्नाचा हात धजावला नाही.

आम्पारोच्या आजीने तिला पाहिलेलं नव्हतं. "बाप नसलेलं पोर घेऊन माझ्या दारात येऊ नकोस," असं यास्नाची आई एदुविना फोनवर म्हणाली, त्यावर यास्नाने फोन ठेवला, तो दोघींपैकी कुणीच पुन्हा उचलला नाही.

मग एका दुपारी ऑफिसात अभ्यासक्रमाच्या मदतीचा फोन वाजला. वाल्दोच्या हातात 'माते' या कडवट पाल्याच्या चहाचा पेला होता, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"काय रे पोरा, तुमचं हे यंत्र मागे का जात नाही?"

यास्नाचा हात कळफलकावर तसाच राहिला. आईचा आवाज.

"कुठं अडलात, मावशी?" वाल्दोने विचारलं.

"अडतेय कशाला! जन्म गेला बटाट्याचे मिल्काओ थापण्यात, आता तुम्ही मला हात धुवायला शिकवा. मला ते हात धुवायचं पान परत हवंय."

"कशाला पण?"

पलीकडे खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. "तिथं एक लेकरू हसतं. पुढे गेलं की गेलं. मग पुन्हा पहिल्यापासून, त्या उंदरांच्या धड्यापासून. उंदीर तोंडपाठ झालेत माझे."

वाल्दो हसला. "अहो, पण शुक्रवारी तुमची मुदत संपतेय. परीक्षा दिली नाहीत तर परवाना जाईल."

"जाऊ दे. परीक्षा दिली की हे सगळं बंद होतं म्हणे. मग ऐकू कुठं?"

यास्ना खुर्चीतून उठली. "आई" असं म्हणणार, तोवर फोन कटला होता.

तिने लगेच आपल्या मोबाइलवरून आईला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तसाच.

"बाण परत लावतेय मी," ती वाल्दोला म्हणाली. तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

संध्याकाळपर्यंत तिने एकेक कुलूप काढलं. मागे जाता येऊ लागलं, परीक्षेनंतरही सगळी पानं उघडी राहू लागली. हात धुण्याच्या पानावर तिने आम्पारोच्या अंघोळीच्या वेळी मोबाइलवर टिपलेलं आणखी हसू जोडलं. त्याखाली नळाचा आवाज, बादली, आणि "आम्पारो, पुरे गं" हेसुद्धा राहू दिलं.

शुक्रवारी एदुविना बारिया पास झाली. यास्नाने पुन्हा फोन लावला. शनिवारी लावला, रविवारी लावला. आम्पारो कडेवर बसून फोनकडे हात पसरायची. उचललं कुणीच नाही. तो खोकला मात्र कानातून जाईना. ओल्या लाकडांच्या चुलीपाशी बसून खोकायची आईची जुनी सवय, आणि दवाखान्याचं नाव काढलं की भांडी आपटायची.

सोमवारी तिने अभ्यासक्रमाच्या शेवटी एक पान जोडलं. त्यावर 'पुढे'चं बटण ठेवलंच नाही. माइक तोंडाशी धरून ती बोलली:

"बायांनो, दालकाउएच्या बाजारात, पाण्याकडच्या टोकाला, एदुविना बारियांची टपरी आहे. ती आज उघडली का, तेवढं बघून या. बंद असेल तर घरी जा. खोकला कसा आहे विचारा. 'काही झालं नाही मला' असं त्या म्हणतील. तरी जरा वेळ बसा त्यांच्याजवळ."