टनाच्या आत

त्या वर्षी मुंबई सरकारनं मोटारींवर नवा वार्षिक कर बसवला आणि आमच्या घरात वजनाखेरीज दुसरा विषय उरला नाही. कर गाडीच्या रिकाम्या वजनावर होता. गाडी टनाच्या आत असेल तर कसाबसा परवडेल एवढा, आणि टनावर गेली की एकदम दीडपट. आमची गाडी जुनी, एका मिशनरी डॉक्टरानं विलायतेला परत जाताना विकलेली. तिचे कागद वाळवीनं केव्हाच खाल्ले होते, त्यामुळे तिचं वजन कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमचे हे, म्हणजे मळमड्डीतले वकील मुकुंदराव, अंदाज बांधण्यात पटाईत. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं. दोन हमालांना मागची बाजू उचलायला लावून, त्यांचे चेहरे बघून ह्यांनी जाहीर केलं, "टनाच्या आत. काठावर आहे, पण आत." हे 'आज पाऊस नाही' म्हणाले की मी अंगणातलं वाळवण घरात घेते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पण तेव्हा थट्टेची वेळ नव्हती. वकिली बसली होती. पक्षकार फीऐवजी जोंधळ्याची पोती आणून टाकत, आणि पेट्रोलवाला काही जोंधळा घेत नाही. ह्यांनी जेवताना सांगून टाकलं, "टनावर गेली तर विकून टाकतो. हुबळीत गिऱ्हाईक आहे." चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या वन्संचे हात थांबले. मग पुन्हा थापू लागले.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, गोदावरी. हे त्यांना अक्का म्हणत. सोळाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून डोक्यावर केस नाहीत, अंगावर लाल आलवण आणि राहायला मागचं स्वैपाकघर. बाहेर जाऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. पण त्या गल्लीत दिसल्या की कामाला निघालेला माणूस मागे फिरे, ओट्यावर टेके, घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघे. असं दोन-चारदा झालं आणि वन्संनी उंबरा ओलांडणं सोडलं. मला त्याचा भयंकर संताप येई. त्यांना येत नसे, किंवा त्या दाखवत नसत.

मग गाडी आली. पडदे सोडले की मागच्या बैठकीवर कोण बसलंय ते कोणाला दिसत नसे. दर शनिवारी आम्ही उणकलच्या तळ्यावर जाऊ लागलो. आम्ही दोघं बांधावर फिरायचो आणि वन्सं गाडीतच बसून पडद्याच्या फटीतून पाणी बघायच्या. एवढंच. पण शुक्रवारपासूनच त्या काम करता करता गुणगुणू लागत. गाडी गेली असती तर ते गुणगुणणं गेलं असतं, आणि आमच्या घरात त्याच्याइतकं गोड दुसरं काही नव्हतं.

वजनाला शनिवारच धरला, येताना उणकल करता येईल म्हणून. हुबळीत सरकी काढायच्या एका जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्या तोलायचा मोठा काटा होता. हंगाम नुकताच सुरू झालेला. एक व्यापारी आपली पहिली गाडी तोलायची म्हणून हातात नारळ घेऊन उभा होता. ह्यांनी मोटार काट्यावर चढवली, आम्ही दोघं उतरलो आणि हे ती रिकामी करायला लागले. जादा चाक काढलं, हत्यारांची पेटी काढली, पेट्रोलचा डबा, छत्री, माझा फराळाचा डबा, सगळं काढलं. पुढची गादीही उचलली, तेव्हा काटेवाला म्हणाला, "वकीलसाहेब, गादी गाडीचीच की." ती निमूट परत गेली.

"खाली ऐतेन्री?" काटेवाल्यानं विचारलं. गाडी रिकामी आहे ना?

"रिकामी," हे म्हणाले.

काटा स्थिरावला. टन आणि वर पन्नास रत्तल.

ह्यांचा चेहरा उतरला. "संपलं," ते मला म्हणाले. "सोमवारी गिऱ्हाइकाला बोलावतो."

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. "मुकुंदा, मी आत आहे रे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. छत्री आठवली होती, वन्सं आठवल्या नव्हत्या. ह्यांना नाही आणि संताप येणाऱ्या मलाही नाही. वन्सं गाडीतून उतरत नसत, म्हणून त्या गाडीच्याच झाल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अक्का, तू बैस," हे खालच्या आवाजात म्हणाले. "तुझं वजन अंदाजानं वजा करू."

"अंदाज नडियांगिल्लरी," काटेवाला म्हणाला. "अंदाज चालत नाही साहेब. दाखल्यावर काट्याचंच लिहिणार."

आवार पुरुषांनी भरलं होतं. पडदा थोडा हलला, तिथूनच वन्संनी त्या व्यापाऱ्याच्या हातातला नारळ पाहिला असणार. मग दार उघडलं.

"निधानक्क, अव्वा," काटेवाला म्हणाला. सावकाश.

वन्सं उतरल्या. व्यापाऱ्यानं तोंड फिरवलं आणि नारळ पिशवीत टाकला. वन्संनी पदर नीट केला नि त्याला शांतपणे कानडीत म्हणाल्या, "स्वल्प तडीरी, यजमानरं. जरा थांबा, माझं झालं की तुमचंच."

काटा पुन्हा स्थिरावला. टनाला अठ्ठावीस रत्तल कमी.

ह्यांचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा खरा ठरला होता, पण त्याचा आनंद ह्यांना झाला नाही. ह्यांनी मनात वजाबाकी केली. वन्सं अठ्ठ्याहत्तर रत्तल. पुरत्या मणभरही नाहीत. ह्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

मी सामान परत ठेवेपर्यंत वन्सं तिथंच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत त्या व्यापाऱ्याची गाडी काट्यावर चढली. बैल शेपट्या हलवत उभे राहिले. कापूस वजनात भरपूर उतरला, आणि त्यानं पिशवीतला नारळ काढून फोडला.

उणकलला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. हे नेहमीप्रमाणे पडदा थोडा सरकवायला गेले. वन्संनी दारच उघडलं.

"एकदा उतरलेच आहे," त्या म्हणाल्या, "तर पाण्यापर्यंत जाऊन येते."

ह्यांनी आधाराला हात पुढे केला.

"नको रे. तुम्ही दोघं बसा गाडीत."

आम्ही गाडीत बसलो. वन्सं बांध उतरून गेल्या, पाण्यात पाय सोडून बसल्या, आणि आम्ही पडद्याच्या फटीतून त्यांना बघत राहिलो.