सतरा नंबरवर आलेली नवी सिस्टीम

मित्रांनो, मला नाव नाही, नंबर आहे. मी सतरा नंबरचा संगणक, आमच्या खोलीत वयानं सगळ्यांत थोरला. आम्ही चाळीस जण तारांनी एकमेकांशी जोडलेले आहोत. शास्त्रज्ञांची अवाढव्य गणितं आम्ही वाटून घेतो आणि मिळून सोडवतो. अशा गोतावळ्याला क्लस्टर म्हणतात. आमच्या खोलीत बारा महिने गारठा असतो, म्हणून माणसं आत येताना स्वेटर घालतात.

आमचा सांभाळ मामा करत. खरं तर ते एकाच मुलीचे मामा. ती इंजिनिअर होऊन त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी साहेबांसमोर 'सर' म्हणायच्या ऐवजी तिच्या तोंडून 'मामा' निघून गेलं. तेव्हापासून ते अख्ख्या इमारतीचे मामा झाले. मला खोक्यातून त्यांनीच बाहेर काढलं होतं. दर शुक्रवारी ते माझ्या पंख्यावरची धूळ मऊ ब्रशनं झाडत. पंखा कुरकुरला की "काय झालं रे बाबा?" असं विचारत. पुढे वेगवान संगणक आले, मोठी कामं त्यांच्याकडे गेली आणि माझ्या वाट्याला नुसत्या चाचण्या उरल्या. पण मामांचा शुक्रवार कधी चुकला नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे आमच्या घरातली कारभारीण. कुणी कधी काम करायचं, कुणाला किती जागा द्यायची, सगळं तीच ठरवते. नऊ वर्षं आमची एकच कारभारीण होती. आता तिला बनवणाऱ्यांनी तिची दुरुस्ती बंद केली, आणि पुढे काय करायचं ते ठरवणं भाग पडलं.

"जुनं ते सोनं," मामा म्हणाले.

"सोन्याला गंज चढत नाही, मामा. हिला चढलाय," भाची म्हणाली.

त्याच सुमारास नदीचा अभ्यास करणाऱ्या बाई पुराचा नकाशा तयार करत होत्या. पाणी कुठवर चढेल, हे आमच्या गणितावरून ठरणार होतं, आणि ज्या घरांना धोका असेल त्यांना आधी सूचना मिळणार होती. नकाशा पंधरा दिवसांत छापायचा होता.

भाचीनं नवी सिस्टीम माझ्यावर बसवली आणि बाकीच्यांनी जुन्या सिस्टीमवर सोडवलेलं बाईंचं तेच गणित मला पुन्हा करायला लावलं. उत्तर वेगळं आलं. नदीकाठच्या शेवटच्या गल्लीत पाणी वीतभर जास्त चढत होतं, म्हणजे थेट घरांत शिरत होतं.

"नऊ वर्षांत जुनीनं एकदाही दगा दिला नाही," मामा बैठकीत म्हणाले. "नवीच चुकतेय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनी सिस्टीमच ठेवायची असं ठरलं. भाचीचा चेहरा एवढासा झाला. खरं कारण मला ठाऊक होतं, मित्रांनो, पण आम्हाला तोंड कुठे असतं?

मामा जिंकले खरे, पण त्यांच्या मनाला चैन पडेना. दुपारी डबा न उघडता ते माझ्या शेजारच्या, जुनीच सिस्टीम असलेल्या अठरा नंबरसमोर बसले आणि जुन्या सिस्टीमच्या सेटिंगची एकेक ओळ वाचू लागले. एका ओळीपाशी त्यांचा हात थांबला. ती त्यांनीच लिहिली होती. नऊ वर्षांपूर्वी एक काम घाईनं उरकायचं होतं, म्हणून त्यांनी सिस्टीमला सांगितलं होतं की अगदी बारीक आकडे शून्य धर. 'सोमवारी काढून टाकू' असं म्हणाले आणि विसरले. कुठे लिहूनही ठेवलं नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, आणि आम्ही तर नऊ वर्षं थेंबच मोजत नव्हतो.

ती ओळ गुपचूप बंद करता आली असती. ठराव त्यांच्याच बाजूचा होता, नकाशा जुन्याच उत्तरावर छापला गेला असता. त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. माझा त्यांच्यावर फार जीव. क्षणभर मलाही वाटलं, नका सांगू मामा, सगळ्यांदेखत मान खाली जाईल. मग ती गल्ली आठवली आणि मला माझीच लाज वाटली.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "बाईंनाही घेऊन ये."

दोघी आल्या. मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नवी चुकली नव्हती. मी चुकलो होतो."

बाईंनी ती ओळ वाचली. "मामा, त्या गल्लीत तेवीस घरं आहेत हो."

"माहीत आहे. म्हणून तर बोलावलं."

भाची 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं काही म्हणाली नाही. तिनं त्यांचा डबा उघडून पुढे सरकवला. "आधी जेवा."

निवड नव्या सिस्टीमची झाली, पण मामांच्या अटीवर. प्रत्येक बदल तारीख आणि नाव घालून वहीत लिहायचा, आणि जुनी गणितं आधी माझ्याकडून तपासून घ्यायची. नकाशा वेळेवर छापला गेला. त्यात ती गल्ली निळी, म्हणजे पाणी शिरणाऱ्या भागात, आहे.

मित्रांनो, आमची धूळ झाडता ते बरंच करता. पण आम्ही फार आज्ञाधारक असतो. चुकीचं सांगाल तर नऊ वर्षं न थकता चुकीचंच करू, आणि तुम्ही आमच्यावर विश्वास टाकत राहाल. आमच्यावर माया करा, पण आमची परीक्षाही घेत जा. आणि स्वतःची चूक सापडलीच, तर मामांसारखी मोठ्यानं हाक मारा. कुणाचं तरी घर त्या हाकेची वाट बघत असतं.