गोठ्यातली बाई

पहाटेच्या पहिल्या बसमधून दूधवाल्याची बायको उतरली, तर फाट्यावर शिंपीणकाकू उभ्याच. बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली ती आठवड्याने परतत होती. काकूंनी तिला पिशवी खाली ठेवायची सवडही दिली नाही.

"तुझी पाठ वळली आणि गोठ्यात बाई येते, बाई! रोज पहाटे. डोक्यावरून शाल, हातात बांगड्या. आणि तुझा नवरा तिला 'सोने' म्हणतो. या कानांनी ऐकलंय."

"सोने?" बायकोने पिशवी खाली टाकली. "मला 'अगं'च्या पुढे कधी हाक मारली नाही त्यानं! खरं निघालं ना काकू, तर याच बसने परत जाते."

गोठ्याच्या दाराशी ती थबकली. आतून नवऱ्याचा आवाज येत होता, "रुसू नको गं सोने. ती यायला अजून वेळ आहे."

तिने खराटा उचलला आणि आत घुसली. गाईच्या पोटाला डोकं टेकवून एक बाई बसली होती. अंगावर निळी शाल, तीसुद्धा हिचीच! खराटा पाठीत बसला.

"अगं, मेलो!"

शालीतून मिशा बाहेर आल्या.

"हे काय सोंग?"

"तुझ्या लाडक्या गाईला विचार. तू गेलीस तसा हिने पान्हा चोरला. एका लाथेत बादली उडाली, दुसरीत मी. शेवटी तुझी शाल पांघरली. वासाने जरा निवली. बांगड्या वाजवल्या, तेव्हा कुठे दूध उतरलं."

"आणि ते सोने-बिने?"

"तूच म्हणतेस ना तिला." तो खाली बघत पुटपुटला, "तुला म्हणायला जीभ रेटत नाही. तिला म्हणणं सोपं गेलं."

तिचा राग पार ओसरला, पण तिने तो चेहऱ्यावर धरून ठेवला. "बांगड्या चढल्या कशा तुझ्या हातात?"

"साबण लावून. आता उतरत नाहीत. उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडतोय."

"सरक तिकडे." ती बादली घेऊन बसली. गाईने मान वळवून तिला हुंगलं. अंगाला आठवडाभराच्या दवाखान्याचा, फिनेलचा, बाळाच्या तेलाचा वास. एका लाथेत बादली थेट भिंतीवर आपटली.

दूधवाल्याने बादली उचलून आणली. शाल सारखी करून पुन्हा गाईजवळ बसला. धारा बादलीत वाजू लागल्या.

"सवत मेली!" बायको गाईला म्हणाली.

फाटकावरून काकूंनी मान उंचावली. "सापडली का गं ती बाई?"

"सापडली की," बायको म्हणाली. "ठेवून घेतलीय. दूध चांगलं काढते."