लुवेनिया स्टॉलवर्थची मयत

लुवेनिया स्टॉलवर्थ वारल्याची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा लुवेनिया माझ्या शेजारी बसून भेंडी चिरत होती.

"मेली एकदाची," ती म्हणाली. सुरी थांबली नाही.

तिच्या गाण्याची एकुलती एक तबकडी निघाली तेव्हापासून मी तिच्यामागे गिटार वाजवतोय. तबकडीवर नाव होतं, फोटो नव्हता. आमच्या अलाबामात आणि पलीकडे जॉर्जियात गाणं घरोघर वाजलं, पण बाई कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्याच एकीनं त्याचा फायदा उचलला आणि लुवेनियाच्या नावानं गात फिरू लागली. आम्ही एखाद्या क्लबच्या दारात पोचावं आणि मालकानं म्हणावं, लुवेनिया तर गेल्याच महिन्यात गाऊन गेली, तुम्ही कोण? एका गावात तर खरीलाच तोतया म्हणून हुसकून लावलं. कुठेही जा, ती आमच्याआधी येऊन गेलेली असायची. लुवेनिया मग आरशासमोर उभी राहून स्वतःचंच नाव पुटपुटायची. तिला तसं बघून मला भीती वाटायची.

आता तिला नाव परत हवं होतं. आमच्याकडे मयतीला कुणीही उठून दोन शब्द बोलू शकतं. दोन मिनिटांच्या वर जाऊ नये, एवढंच. शवपेटीतली बाई लुवेनिया नाही, मी आहे, असं ती भर चर्चमध्ये सांगणार होती. मरणाबरोबर वैर संपतं, असं मी वाटभर सांगत होतो. पण ऐकेल तर शपथ.

युफॉला गावचं ते चर्च खच्चून भरलं होतं. फुलांच्या चक्रांवर तिचंच नाव, ऑर्गनवर तिचंच गाणं. आम्ही पेटीत डोकावलो. मला वाटलं होतं, चेहरा थोडा तरी मिळत असेल. कशाचं काय! बुटकी, गोल तोंडाची, कुणाचीही मावशी शोभेल अशी बाई.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. कुणाला बोलायचंय का, असं पाद्रीबाबांनी विचारलं तशी लुवेनिया उठली. पुढे बसलेली मयताची म्हातारी आई, चर्चात सगळे जिला मदर पिंक्स्टन म्हणत, मागे वळली. पांढऱ्या टोपीखालून तिनं लुवेनियाला नीट न्याहाळलं.

"खरी तूच ना गं?" म्हातारीनं हलकेच विचारलं. आम्हा दोघांनाच ऐकू आलं.

"हो."

"स्वतःच्या नावानं माझ्या या पोरीनं, ओरानं, जन्मभर लोकांच्या चादरी धुतल्या. हसायची ती फक्त तुझं नाव लावून गाताना. तेवढं जाऊ दे तिच्याबरोबर. तुझ्याकडे गळा आहे, बाळ."

लुवेनिया उभीच राहिली. लोकांच्या हातातले पंखे थांबले. पाद्रीबाबांनी तिला नाव विचारलं.

"नावाचं काय एवढं," ती म्हणाली, आणि स्वतःचं गाणं म्हणायला लागली.

इतक्या वर्षांत ती तसं कधी गायली नव्हती. माणसं ओक्साबोक्शी रडली. मदर पिंक्स्टन पेटीवर हात ठेवून ताल देत होती. माझ्या मागची बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "बरी गाते. पण लुवेनियाची सर नाही."

परतताना गाडीत मी हाक मारली, "लुवेनिया."

तिनं ओ दिली नाही. मी पुन्हा हाक मारली.

"गप रे, एल्बर्ट," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिला पुरून आलो ना आपण."