हवा न खाल्लेला कागद

मित्रांनो, मी एक जुना गाळणकागद आहे. पांढरा, गोल, तळहाताएवढा. कारखान्यातून आलो तेव्हा माझं एकच स्वप्न होतं, पोटभर हवा खायची! हवा ओढणाऱ्या यंत्रात माझ्या भावंडांना बसवत. हवेतले जंतू त्यांना चिकटत. मग प्रयोगशाळेत त्या जंतूंची जनुकं वाचून कोण कोण आलंय ते ओळखत.

माझ्या नशिबी मात्र कोरेपण आलं. लहान मुलांच्या वॉर्डात मलाही नेलं, चिमट्याने यंत्रात ठेवलं आणि यंत्र सुरू न करताच बाहेर काढलं. भावंडांवर सापडलेलं माझ्यावरही सापडलं, तर ते हवेतलं नव्हे, आपल्याच हातचं, हे कळावं म्हणून एक कागद असा कोरा ठेवतात. नंतर नळीत घालून मला फ्रीझरमध्ये कोंडलं.

भावंडांवर एक वाईट जंतू निघाला. वॉर्डाला कुलूप लागलं. खापर फुटलं तिथल्या सिस्टरवर. तिने साफसफाईत हयगय केली म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी! तो जंतू माझ्याही अंगावर होता. आम्हाला उचलणाऱ्या चिमट्यानेच आदल्या दिवशी प्रयोगशाळेत तो हाताळला होता. चिमटा उकळला, जंतू मेले. पण मेलेल्यांची जनुकं चिकटून राहिली. मी ओरडणार कसा? नळी घट्ट, वर बर्फ चढत गेलेला. दार उघडे, आणि हात दुसऱ्याच नळीकडे जाई. जीव तीळतीळ तुटायचा.

एकदा सिस्टर स्वतःच प्रयोगशाळेत आली.

"ताई, माझी नोकरी जाईल हो. एकदा पुन्हा बघा ना."

प्रयोगशाळेतल्या ताई तिथल्या मोठ्या साहेबांकडे वळल्या. "सर, आपण कोरा वाचला होता का?"

"कोऱ्यात काय असणार? उगाच वेळ कशाला घालवायचा!"

"बघू तर खरं."

ताईंनी माझा अर्धा भाग कापून वाचला. "अगंबाई! सर, हा जंतू आपल्याच घरचा निघाला."

काखेत कळसा नि गावाला वळसा! वॉर्ड उघडला, सिस्टर कामावर परतली.

उरलेला अर्धा मी पुराव्यासाठी पुन्हा फ्रीझरमध्ये आहे. हवा खायची राहूनच गेली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, कुणाकडे बोट दाखवण्याआधी कोपऱ्यातल्या कोऱ्याला जरूर विचारा. मला भेटायला आलात, तर दार क्षणभर उघडं ठेवा. नळीचं झाकण मात्र काढू नका हं. सिस्टरवर पुन्हा कुणी बोट रोखलं, तर तिच्या बाजूने बोलायला मीच आहे.